वरची सळई

खुर्चीमामांना कोर्टाचं समन्स आलं तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी झालीच नाही. गालावरचा साबण तसाच वाळू देऊन ते दारातल्या स्टुलावर बसले आणि तो कागद त्यांनी तीनदा वाचला. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं.

घरची माणसं सोडली तर सगळं जग त्यांना खुर्चीमामाच म्हणे, आणि त्याचा राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता. तीस वर्षं ते बांधकामावर सुपरवायझर होते. बाल्कनी म्हणजे इमारतीनं भिंतीतून बाहेर काढलेला हात. खाली खांब नाही, काही नाही. तिला धरून ठेवतात त्या तिच्या वरच्या अंगानं आतपर्यंत गेलेल्या सळया. त्या वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या लोखंडाचे बुटके पाय ठेवतात, त्यांना कामावर खुर्ची म्हणतात. काँक्रीट ओतताना माणसं घाईघाईनं त्याच जाळीवरून ये-जा करतात, खुर्ची कलते, सळई पायांखाली दबून तळाला जाते, आणि वरून थापी फिरली की कुणाच्या बापालाही पत्ता लागत नाही. बाल्कनी दिसायला तशीच छान दिसते. फक्त तिला धरणारं काही उरलेलं नसतं. म्हणून प्रत्येक स्लॅबच्या दिवशी मामा कडेला उभे राहून, "खुर्ची! अरे, खुर्ची सरळ करा!" असे बोंबलत असत. मजुरांनी चिडवायला नाव पाडलं आणि मामांनी ते पदवीसारखं मिरवलं.

आणि ज्या एका सकाळी ते बोंबलायला तिथे नव्हते, नेमकी तीच सकाळ आता कागद होऊन दारात आली होती.

झालं होतं असं. गेल्या वर्षी एका इमारतीची तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी पडली. तिच्यात उभे असलेले एक निवृत्त पोस्टमन तिच्यासकट खाली आले. खाली कुणाची तरी गाडी उभी होती, तिच्या टपावर पडले म्हणून जीव वाचला, पण कंबर मोडली ती मोडलीच. रहिवाशांनी बांधकाम कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, पोस्टमननं बाल्कनीत कुंड्यांचा बाजार मांडला होता, त्या वजनानं पडली. पडलेला मलबा कंपनीच्या ट्रकनं त्याच संध्याकाळी उचलला होता. तुटलेली कडही सुरक्षेच्या नावाखाली दुसऱ्या दिवशी सिमेंटनं लिंपून टाकली होती. तत्परता बघा! एरवी याच कंपनीला गळका नळ बदलायला सहा महिने लागत. आता कंपनीकडे पुरावा म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे स्लॅबच्या आधीच्या तपासणीचं कार्ड. त्यावर लिहिलं होतं: सळया जागेवर, खुर्च्या ठीक, वेळ सकाळी साडेसात. खाली मामांची सही.

सही खरी होती. बाकीचं सगळं खोटं होतं.

त्या कामावरची रीतच तशी होती. काँक्रीटच्या गाड्या भल्या सकाळी यायच्या आणि एकदा आल्या की थांबायच्या नाहीत, कारण आतला माल आळतो. म्हणून कार्डांवर आदल्या संध्याकाळीच सह्या होत. वेळेचा रकाना कोरा ठेवायचा, तो नंतर कारकून भरी. तीस वर्षांत मामांनी अशा किती सह्या केल्या असतील कोण जाणे, पण सकाळी ते स्वतः हजर असत, म्हणून ते खोटं कधी खोटं वाटलंच नाही. त्या दिवशी मात्र पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. मामा घरच्यांबरोबर हॉस्पिटलात गेले, दुपारी नात जन्मली, आणि संध्याकाळी ते कामावर पोहोचले तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या चारही बाल्कन्यांवर ओली, गुळगुळीत साय धरली होती. त्यांनी गँगच्या मुकादमाला विचारलं, "खुर्च्या बघितल्या होत्यास ना?" तो म्हणाला, "बघितल्या की, मामा." विषय तिथेच संपला. आज नात आठ वर्षांची होती.

चारांतली एक पडली होती. तीन अजून उभ्या होत्या. मामांची पाचावर धारण बसली ती या तिन्हींमुळे.

कंपनीचे वकील तरुण होते, हसतमुख होते आणि मामांना काका म्हणत. त्यांच्या केबिनमध्ये इतका गारठा होता की मामांनी हात मांड्यांखाली घेतले, तरी पाठ घामानं भिजलेली.

"काका, अगदी सोपं आहे," वकील म्हणाले. "मी विचारणार, तपासणी केली होती का? तुम्ही म्हणणार, हो. कधी? सकाळी साडेसातला. सळया कुठे होत्या? वर, जागेवर. संपलं. म्हणून दाखवा बरं."

मामांनी म्हणून दाखवलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

"जरा मोठ्यानं. आणि खाली बघू नका." वकिलांनी पेन ठेवलं. "रहिवाशांनी अर्ज केलाय, उरलेल्या तिन्ही बाल्कन्या फोडून सळया तपासू द्या म्हणून. तुमची साक्ष झाली की तो अर्ज उडालाच म्हणून समजा."

"आणि मला जर... आठवलंच नाही तर?"

वकिलांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. "काका, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. कार्डावर सही कंपनीची नाही, तुमची आहे. उद्या ती खोटी ठरली तर पोलीस कुणाच्या दारात येतील, हे मी सांगायला हवं का?"

नकोच होतं. मामा घरी निघाले. वाटेत पोलिसांची गाडी बाजूनं गेली तर ते उगाचच एका दुकानात शिरले आणि गरज नसताना साबण घेऊन बाहेर पडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

घरी मामींनी साबण बघितला, मामांचा चेहरा बघितला आणि पाणी आणून दिलं. "काय म्हणाले वकील?"

"काही नाही. त्या सकाळी मी तपासणी केली होती, तेवढं सांगायचंय."

"कोणत्या सकाळी?"

मामांनी तारीख सांगितली. मामी हसल्या. "अहो, काहीतरीच काय! ती तर आपल्या छकुलीच्या जन्माची तारीख. तुम्ही दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर होता की. मी सगळ्यांना सांगत असते, यांनी आयुष्यात एकदाच काम सोडलं, ते लेकीसाठी." बोलता बोलता त्या थांबल्या. मामांनी मान वर केली नव्हती. "अहो?"

"हे कुणाला सांगू नकोस."

 मामी म्हणाल्या, "आठ वर्षं मी हे कौतुकानं सांगत आलेय." आणि आत जाऊन उगाचच भांड्यांचा आवाज करत बसल्या. संसारात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ कळतो. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

साक्षीला चार दिवस उरले असताना मामांना राहवलं नाही. एका दुपारी ते त्या इमारतीसमोर जाऊन उभे राहिले. खाई त्याला खवखवे. तिसऱ्या मजल्यावर एका जागी नुसतं दार होतं आणि त्यावर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. त्याच्या शेजारच्या बाल्कनीत एक बाई शिवणयंत्रावर बसली होती. कपड्यांचे ढीग, लोखंडी पायांचं जुनं जड यंत्र, बाजूला बटणांचे डबे. मामांनी नकळत वजनाचा अंदाज घेतला, मग त्यात बाईचं वजन मिळवलं.

वर जायचं नाही असं स्वतःला बजावत ते वर गेले. खमीस अल्टर करायचाय, म्हणाले. अंगातलाच खमीस दाखवला.

"या ना, काका," बाई दिलखुलास होती. "इकडे बाल्कनीतच या, उजेडात माप घेते."

मामा उंबऱ्यापाशी थांबले. पाय पुढे टाकायचा म्हटलं तर पाय ऐकेना. "मी इथेच बरा. गुडघा दुखतो."

"बाल्कनीत जायला काय जिना चढायचाय?" ती हसली आणि टेप गळ्यात अडकवून आत आली. बाहीचं माप घेत म्हणाली, "सगळं घर अंधारं आहे हो. ही बाल्कनी आहे म्हणून माझं पोट आहे. सकाळी आठला बसते, सहाला उठते."

मामांची नजर उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर होती. भिंत जिथे संपते तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या सिमेंटची एक रेघ ओढलेली होती. अशी रेघ फरशी लावणारा ओढत नाही. अशी रेघ कुणीतरी भेगेवर ओढतं.

"ही चीर कधीची?"

"ती होय? दरवर्षी जरा उघडते, दरवर्षी मी भरते." ती वहीत मापं लिहीत होती. "ते शेजारचे पोस्टमन मागे लागलेत, बाल्कनीत बसू नकोस म्हणून. पण काका, आत बसले तर सुईत दोरा दिसत नाही. आता कोर्टात म्हणे तो सुपरवायझर येणार आहे. ज्यानं स्वतः उभं राहून बघितलं तोच सांगेल ना, पक्कं आहे की नाही? तो पक्कं म्हणाला की माझा जीव भांड्यात पडेल बाई. तोडफोडही टळेल, ऐन हंगाम आहे माझा."

मामांच्या ओठांवर आलं होतं. मशीन आत घ्या, एवढे तीन शब्द. पण त्यांनी मिठाची गुळणी धरली. बोललो तर ती विचारेल, तुम्हाला कसं माहीत, आणि मग पोलीस, आणि मग छकुलीच्या शाळेत सगळ्यांना कळेल की तिच्या आजोबांना धरून नेलं. ते फक्त म्हणाले, "ऊन फार लागत असेल इथे." ती म्हणाली, सवय आहे. आणि पुन्हा बाल्कनीत जाऊन बसली. यंत्राची पायपट्टी सुरू झाली तशी ती सगळी बाल्कनी बारीक थरथरू लागली. हे त्या बाईला कळत नव्हतं, कारण ती रोज तिच्यावर बसत होती. मामांना मात्र उंबऱ्याच्या अलीकडूनही तळपायांत कळलं.

जिना उतरताना ते कठड्याला धरून उतरले. 

साक्षीच्या दिवशी मामा तासभर आधी पोहोचले. कोर्टाच्या व्हरांड्यात माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती. मामा मनातल्या मनात घोकत होते: हो, सकाळी साडेसातला, वर, जागेवर. त्यांनी ठरवलं होतं. घाबरलेला माणूस ठरवतो तसंच, म्हणजे स्वतःला वाचवायचं ठरवलं होतं.  मामींनी निघताना डबा दिला होता, पण "नीट सांगा" असं काही म्हटलं नव्हतं. शर्टाचं वरचं बटण तेवढं लावून दिलं होतं.

पुकारा झाला. मामा उठले. आणि आत जाऊन उभे राहतात तोच कारकुनानं जाहीर केलं, न्यायाधीश आजारी आहेत, पुढची तारीख. वकिलांनी डायऱ्या उघडल्या, कुणी म्हणालं या महिन्यात जमणार नाही, कुणी म्हणालं पुढच्यात सुट्ट्या आहेत. दोन मिनिटांत चार महिने पुढची तारीख पडली.

मामांचा जीव असा काही भांड्यात पडला की त्यांना हसूच फुटलं. कंपनीच्या वकिलांनी पाठीवर थाप मारली. "चार महिने निवांत, काका. घरी जा, आराम करा."

त्या आनंदात ते पायऱ्यांशी आले. तिथे एक म्हातारे गृहस्थ वॉकर घेऊन उभे होते. मामांचा हात धरत म्हणाले, "जरा हे वॉकर घेता का? मी कठड्याला धरून उतरतो." मामांनी वॉकर घेतलं. म्हातारे एकेक पाय खाली टाकत होते आणि प्रत्येक पायरीला आधी बुटाच्या टोकानं ती चाचपत होते. "चाळीस वर्षं दारोदार टपाल वाटलं," ते म्हणाले, "हजारो जिने चढलो. कधी पायाखाली बघितलं नाही. आता घरातल्या जमिनीवरही विश्वास बसत नाही बघा."

मामांनी नजर वॉकरवरून हलवली नाही.

"माझं काय, जायचं ते गेलं," पोस्टमन शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाले. "पण शेजारची ती शिवणवाली. आज सकाळीच तिच्या हातापाया पडलो, आत बस म्हणून. म्हणते, आज सुपरवायझर काय सांगतो ते ऐकून ठरवते. आता चार महिने झाली का पंचाईत! बसणार तिथेच." त्यांनी वॉकर परत घेतलं. "तुम्ही कोणत्या केसला?"

"असाच," मामा म्हणाले. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

कोर्टाला चार महिने म्हणजे डायरीतलं एक पान. बाल्कनीला ते कोण सांगणार? रस्त्याच्या कडेला उभं राहून मामांनी बोटांवर मोजलं. चार महिने, रोज दहा तास. मोजून होईना म्हणून सोडून दिलं. मग ते घरी गेले, पण आराम करायला नाही. माळ्यावरची पिशवी काढली. छिन्नी, हातोडा, टेप, पेन्सिल.

मामींनी विचारलं, "कुठे?"

"बघायला. त्या दिवशी बघायचं राहिलं ते."

मामींनी पिशवीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच होता. "चष्मा घेतलात का?"

शिवणवालीनं दार उघडलं आणि म्हणाली, "काका, खमीस आणलात का?"

"मी खमिसासाठी नाही आलो. तो सुपरवायझर मीच." मामा एका दमात बोलले, कारण दुसरा दम घेतला असता तर पळाले असते. "त्या सकाळी मी इथे नव्हतो. न बघता सही केली होती. बाल्कनीत पाऊल टाकू नका. मशीन आत ओढायचंय, या उंबऱ्याच्या आतून, दोरी लावून."

 तिचा हसरा चेहरा पांढराफटक पडला. रोज दहा तास जिथे ती बसत होती तिकडे तिनं असं पाहिलं, की जणू तिथे कुणीतरी बसलंय. दोघांनी मिळून मशीन ओढलं. बटणांचा डबा कलंडला आणि बटणं बाल्कनीभर पसरली. ती उचलायला कुणी गेलं नाही.

मामा उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसले, एक फरशी उखडली आणि छिन्नीवर पेन्सिलीनं इंचाइंचाच्या खुणा केल्या. वरची सळई बाल्कनीतून इथपर्यंत आत आलेली असते. ती जागेवर असेल तर इंचभरात लागणार. हातोड्याचा पहिला घाव घालताना त्यांनी मनोमन त्या मुकादमाला हाक मारली: बाबा रे, बघितल्या असशील तर उपकार होतील.

एक इंच झाला. नुसतं काँक्रीट. मामांनी धूळ फुंकली. सळईच्या बाजूनं गेलो असेन, म्हणून भोक थोडं रुंद केलं. दोन इंच. काही नाही. बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. तीन इंच. मामांच्या कपाळावरचा घाम नाकावरून त्या भोकात टपकला. स्लॅब सगळा मिळून पाच इंचांचा.

चौथ्या इंचाला छिन्नी लोखंडावर टणकन वाजली.

मामांनी छिन्नी बाहेर काढून खूण पुन्हा मोजली. 

"म्हणजे काय, काका?" बाईनं विचारलं.

"म्हणजे ही आठ वर्षं निव्वळ सवयीनं उभी आहे." ते भिंतीला धरून उठले. "दाराला कुलूप लावा. खालच्या मजल्यावर सांगा, हिच्याखाली कुणी उभं राहायचं नाही, आज टेकू लागले पाहिजेत. बाकी दोन घरांनाही सांगा, आत्ता. आणि मला एक कागद द्या."

ती धावत जाऊन सांगून आली. मग तिनं मापांच्या वहीतलं पान फाडून दिलं. मामांनी इस्त्रीच्या टेबलावर ते ठेवलं आणि लिहायला घेतलं. स्लॅबच्या दिवशी मी कामावर नव्हतो. कार्डावरची सही आदल्या संध्याकाळी न बघता केली. आज स्वतः फोडून पाहिलं, वरची सळई चौथ्या इंचाला आहे. दोन शब्द खोडून पुन्हा लिहिले.

"हे आमच्या वकिलांना दिलं तर तुम्हाला काही होईल का?" तिनं हळूच विचारलं.

"होईल."

"भीती नाही वाटत?"

"फार वाटते," मामा म्हणाले आणि सही केली.

बाईनं कागद वाचला. मापं लिहिणारी बाई ती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "तारीख घातलीत. वेळ राहिली."

मामांनी पेन पुन्हा हातात घेतलं. घड्याळ पलीकडच्या भिंतीवर होतं आणि संध्याकाळचा उजेड त्याच्या काचेवर पडला होता. ते उठले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, घड्याळाच्या अगदी जवळ गेले आणि काटे नीट बघून आले. मग खाली वाकून त्यांनी लिहिलं: पाच वाजून बावीस मिनिटं.